परदेशात मोबाइल हरवला तर? पहिला फोन गावाकडे लावा

कोल्हापूर : परदेशी जाणारे आता फक्त शहरातले राहिलेले नाहीत. गावागावांतून कोणी हज-उमराहला जातं, कोणी पशुपतिनाथ-मुक्तिनाथ यात्रेला नेपाळात, कोणी आखातात कामाला, तर कोणी खत-बियाणे कंपनीच्या डीलर सहलीतून दुबई-थायलंडला. तिकीट, हॉटेलचा पत्ता, बँक, सगळं एकाच मोबाइलमध्ये असतं. तो हरवला की माणूस आधी हँडसेटच्या मागे धावतो. पण हँडसेट पुन्हा घेता येतो. खरा धोका सिमचा आहे, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

अडचण अशी की १८०० ने सुरू होणारे टोल फ्री नंबर आणि १९३०, १९८ असे छोटे नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत. गावातून मात्र ते लगेच लागतात. म्हणून सोबतच्या माणसाचा फोन घ्या आणि पहिला कॉल घरी करा. नंबरच्या आधी +९१ लावायला विसरू नका. घरच्यांनी इकडची कामं करायची, तुम्ही तिकडची.

घरच्यांनी काय करायचं?

१) सिम बंद करा. त्याच कंपनीच्या दुसऱ्या नंबरवरून १९८ ला फोन लावा, नाहीतर जवळच्या गॅलरीत जा. सिम कोणाच्या नावावर आहे, जन्मतारीख, पत्ता, शेवटचा रिचार्ज अशी माहिती विचारतात. ती आधीच लिहून ठेवलेली असली तर काम पटकन होतं.

२) बँकेला कळवा. एटीएम कार्ड, मोबाइल बँकिंग आणि यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा. दोन-तीन बँकांत खाती असतील तर सगळ्यांना कळवा. तक्रार नंबर आणि वेळ लिहून घ्या.

ही वेळ फार महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला बँकांसाठी आणि १४ डिसेंबर २०१७ ला सहकारी बँकांसाठी याबद्दल परिपत्रक काढलं. ग्राहकाच्या हलगर्जीमुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं, असा नियम त्यात आहे. जिल्ह्यात अनेकांची खाती सहकारी बँकांत आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

३) पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे मधेच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

४) गावच्या, पाहुण्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका : "अमक्याचा मोबाइल हरवलाय, त्याच्या नंबरवरून पैसे मागितले तर देऊ नका." सिम बंद झालं तरी वायफायवर व्हॉट्सअॅप चालू राहू शकतं.

तुम्ही तिकडे काय करायचं?

१) आधी स्वतःच्या नंबरवर रिंग द्या. टॅक्सीत, हॉटेलात, दुकानात राहिला असेल तर कोणीतरी उचलेल. दुबईत टॅक्सीत विसरला असेल तर तिथल्या वाहतूक खात्याच्या ८००९०९० या नंबरवर तक्रार नोंदवता येते.

२) सोबत्याच्या मोबाइलवरून गुगलचं 'फाइंड हब' उघडा. आयफोन असेल तर 'फाइंड माय'. फोन लॉक करा आणि स्क्रीनवर सोबत्याचा नंबर दिसेल असं करा. फोन नेटला जोडलेला असेल तरच हे लगेच चालतं. तो परत मिळण्याची आशा उरली नाही की मगच सगळा डेटा पुसून टाका, कारण पुसल्यावर फोन कुठे आहे ते गुगलवर दिसत नाही. काम झालं की सोबत्याच्या फोनमधून तुमचं खातं लॉगआउट करा.

३) नकाशावर फोन दिसतोय म्हणून एकटे तिथे जाऊ नका. परका मुलुख, परकी भाषा. पोलिसांना दाखवा.

४) पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या, शक्यतो इंग्रजीत. प्रवास विमा असेल तर दाव्यासाठी ही प्रत लागते. मात्र विम्यात मोबाइल बसतो का, ते निघण्याआधीच बघा. नेपाळात पोलिसांचा नंबर १००, दुबईत तातडीसाठी ९९९, मक्का-मदिनेत ९११.

५) मोबाइलसोबत पासपोर्टही गेला असेल तर पोलीस तक्रार घेऊन थेट भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जा. भारतात परतण्यापुरता तातडीचा दाखला, म्हणजे 'इमर्जन्सी सर्टिफिकेट', तिथून मिळतो. सौदीत दूतावास रियाधला आणि वाणिज्य दूतावास जेद्दाहला आहे, नेपाळात काठमांडूला. यूएईत अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी ८००४६३४२ ही टोल फ्री हेल्पलाइन आहे.

सीईआयआरचा उपयोग किती?

हरवलेला मोबाइल ब्लॉक करण्यासाठी केंद्र सरकारने सीईआयआर ही सोय मे २०२३ मध्ये देशभर सुरू केली. संचार साथी पोर्टलवर आणि अॅपवर ती मिळते. पण ब्लॉक केलेला फोन भारतातल्या नेटवर्कवर बंद पडतो. तोच फोन दुबईत किंवा काठमांडूत तिथलं सिम घालून चालू शकतो. शिवाय अर्जात जिल्हा, पोलीस ठाणे आणि पोलीस तक्रारीची प्रत मागतात. त्यामुळे परदेशात चोरी झाली तर सीईआयआरच्या भरवशावर बसू नका. गूगलवरून लॉक करणं हाच तिथला उपाय.

नंबर परत कधी मिळणार?

डुप्लिकेट सिम घ्यायला नंबर ज्याच्या नावावर आहे त्यालाच ओळखपत्र घेऊन जावं लागतं. आपल्याकडे मुलाचा नंबर वडिलांच्या नावावर, बायकोचा नवऱ्याच्या नावावर असं सर्रास असतं. नंबर गावातल्या वडिलांच्या नावावर असेल तर ते इथे सिम काढू शकतात. तुमच्याच नावावर असेल तर परत येईपर्यंत ओटीपी बंद. आखातात वर्ष-वर्ष राहणाऱ्यांनी हा विचार आधीच करावा आणि घरखर्चाचे पैसे पाठवायला दुसरी सोय ठेवावी. नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, तेव्हा ओटीपी आला नाही म्हणून घाबरू नका.

निघण्याआधी एवढं कराच

- *#०६# डायल करा. स्क्रीनवर १५ अंकी आयएमईआय नंबर येतो, तो लिहून घ्या. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात.
- गुगल खात्याचा पासवर्ड आणि 'बॅकअप कोड' कागदावर घ्या. नाहीतर लॉगिनचा ओटीपी हरवलेल्या फोनवरच जातो.
- सिमला पिन लावून घ्या. चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी पिनशिवाय ते चालत नाही. सुरुवातीचा पिन गॅलरीत विचारा. तीन वेळा चुकला तर सिम अडकतं.
- एटीएम कार्डाचा फोटो आणि पिन मोबाइलमध्ये ठेवू नका. कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदतीची तारीख आणि ओटीपी मिळाला तर यूपीआय पिन नवा लावता येतो.
- पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, हॉटेलचा पत्ता यांच्या झेरॉक्स काढा. पासपोर्ट आणि मोबाइल एकाच पाऊचमध्ये नको.
- बँकेचा साधा नंबर, म्हणजे +९१ लावून परदेशातून लागणारा, शाखेत विचारून घ्या.
- घरचे दोन नंबर पाठ करा. मोबाइल गेल्यावर बायकोचा नंबरही आठवत नाही, अशी वेळ अनेकांवर येते.

हे सगळं एका कागदावर लिहा. एक प्रत मोबाइलपासून वेगळ्या बॅगेत, दुसरी घरी विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. पासवर्ड आणि कोडचा कागद मात्र पाकिटात बंद करून द्या.

परत आल्यावर सावध राहा

काही दिवसांनी "तुमचा मोबाइल सापडला, लिंक उघडा" असा मेसेज येऊ शकतो. लिंक उघडून पासवर्ड टाकला की चोर फोनचं लॉक काढून घेतो. अशा लिंकवर जाऊ नका. नवं सिम मिळाल्यावर बँकेत जाऊन यूपीआय आणि मोबाइल बँकिंग नव्याने सुरू करा आणि हरवल्या दिवसापासूनचं खात्याचं स्टेटमेंट एकदा नीट तपासा. न ओळखीचा व्यवहार दिसला तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.