जुनी जीप घेताय? आधी तिचा इतिहास बघा

पावसाळा आला की जामसर-जव्हारकडच्या पोरांत जुनी फोर बाय फोर घेऊन ‘ऑफ-रोडिंग’ला तयार करायची चर्चा होतेच. मंडळी, टायर-बंपरच्या आधी गाडी कशासाठी बनली होती ते बघा.

जीप जन्मली दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन सैन्यासाठी. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत ती जोडायला घेतली. पुढे ऐंशीच्या दशकात दोन वाटा झाल्या. महिंद्राची एमएम 540 : डिझेल, जड, पाटे कडक, पण कमी वेगातही जोर भरपूर. आणि 1985 ची मारुती जिप्सी : पेट्रोल, हलकी, म्हणून चिखलात कमी रुतते, पण इंजिन एक लिटरचंही नव्हतं.

जीपसारखी दिसते म्हणून फोर बाय फोर असेलच असं नाही. प्रवासी वाहतुकीच्या कित्येक जीपा फक्त मागच्या चाकांवर चालतात. पुढच्या अ‍ॅक्सलला डिफरन्शियल आहे का, वाकून बघा. कागदपत्रंही तपासा.

माझं मत 540 ला. चढावर ओझं ओढते आणि साधी असल्याने दुरुस्तीही सोपी.

पण एक विसरू नका. शहरवाल्यांची ही हौस आपल्या कित्येक पाड्यांचा रोजचा रस्ता आहे. 1992-93 मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. तरी आजही जव्हार-मोखाड्यात बाळंतिणीला डोलीतून न्यावं लागल्याच्या बातम्या येतात. तेव्हा गाडी बांधाल तर मागे पेशंट झोपवता येईल एवढी जागा ठेवा. आणि रस्ता मागणं सोडू नका.