हिरव्या दगडाची कुळकथा

राजस्थानातील खेत्री येथील तांब्याच्या खाणीत नोकरीस असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला मुठीएवढा दगड भेट दिला. त्याचे एक अंग पितळेसारखे पिवळे चकाकते, तर दुसऱ्या अंगावर मोरपिशी हिरवी पुटे आहेत. कुरुंदवाडास माझ्या घरी येणाऱ्या ज्ञातिबांधवांना मी तो दाखवितो, तेव्हा बहुतेक जण विचारतात, "गुरुजी, हे काय?" ज्या धातूवर आपल्या पूर्वजांचा चरितार्थ चालला, त्याचे मूळ रूप आपणांस ओळखू येऊ नये, याची खंत वाटून हा लेखप्रपंच केला आहे.

यातील पिवळा भाग म्हणजे आपल्या वैद्यकातील सुवर्णमाक्षिक होय. त्यात तांबे, लोह व गंधक असून तांब्याचे प्रमाण शेकडा सुमारे 34 असते. हवापाण्याच्या संस्काराने त्यापासून हिरवा मॅलेकाइट बनतो; त्यात तांबे शेकडा सुमारे 57 असते. जमिनीच्या वरच्या थरातील हा हिरवा दगडच प्राचीन मानवाच्या दृष्टीस प्रथम पडला असावा. कोळशाच्या प्रखर आचेत त्यातून तांबे सुटे होते व 1085 अंशांस ते वितळते. पिवळ्या दगडातील गंधक मात्र आधी भाजून काढावे लागते.

खेत्रीच्या पट्ट्यातच सीकर जिल्ह्यात गणेश्वर हे स्थळ आहे. तेथील उत्खननांत तांब्याची शेकडो बाणाग्रे, तसेच कुऱ्हाडी व मासे धरण्याचे गळ मिळाले. ही संस्कृती इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकातील मानतात.

आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात खाण चालविण्याजोगे तांबे नाही. तथापि 1974 साली प्रवरेकाठी दायमाबाद येथे रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार मूर्ती सापडल्या. त्यांचे एकत्रित वजन 60 किलोंहून अधिक भरले. एवढा धातू दूरदेशाहूनच आला असला पाहिजे. आपल्या कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 साली डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्याच टेकडीवर मिळालेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात तांबे, कथील व शिसे यांची नोंद आहे. म्हणजे सातवाहनांच्या काळीही पश्चिम किनाऱ्यावर तांबे समुद्रमार्गे येत होते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. खाणी आपल्या नव्हत्या. आपला होता तो हातोडा. परक्या मातीतील धातूला घागरीचा व तपेल्याचा आकार देणारे हात, हीच आपली खरी दौलत होय.

परंतु त्या हातांचा इतिहास कोणी लिहिला? माझ्या वडिलांच्या हिशेबाच्या वह्या 2019 च्या महापुरात भिजून नष्ट झाल्या. त्यांनी घडविलेली घागर मात्र चिखलातून जशीच्या तशी निघाली. तिच्या काठावर ठोकलेली अक्षरे आजही वाचता येतात. म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस माझी हात जोडून विनंती आहे, की जुने भांडे मोडीत घालण्यापूर्वी त्यावरील नाव, गाव व साल एका वहीत उतरून घ्यावे, आणि त्या वहीची एक प्रत दुसऱ्या गावच्या आप्तांकडे ठेवावी. आपल्या घराण्यांचा लेखी पुरावा पुष्कळदा तेवढाच उरला आहे.