राणीवांचून दरबार

ज्या गाण्यांना पंडितांनीं क्वचितच मान दिला, तींच एखाद्या राष्ट्राच्या ओठांवर पिढ्यान्‌पिढ्या टिकावीं, हा चमत्कार इंग्लंडमधील म्यूझिक हॉलनें घडविला. या रंगमंदिरांचा उगम मद्यगृहांत सांपडतो. १८५२ सालीं लंडनच्या लॅम्बेथ भागांत चार्ल्स मॉर्टन यानें आपल्या मद्यगृहाला जोडून 'कँटरबरी हॉल' उघडला. टेबलांशीं बसून खावें-प्यावें आणि गायकाबरोबर पालुपद सर्वांनीं म्हणावें, असा तेथील परिपाठ. थकलेलें घरभाडें, खाष्ट सासू, प्रेमिकांची फजिती हे गाण्यांचे विषय. अर्थात् श्रमिकांचाच संसार त्यांना हंसत हंसत परत मिळे.

या दुनियेची राणी मेरी लॉइड. तिचा जन्म १८७० सालीं लंडनच्या हॉक्सटन या गरीब वस्तींत झाला. तिच्या गाण्यांतील शब्द बहुधा निरुपद्रवी असत. पण नेत्रकटाक्षानें ती त्यांना असा कांहीं अर्थ देई कीं, सोंवळ्या मंडळींनीं कानांवर हात ठेवावे!

१९०७ सालीं नाट्यगृहांच्या चालकांनीं वाढीव खेळ त्याच वेतनांत करण्याचा आग्रह धरला, तेव्हां कलावंतांनीं संप केला. मेरीला स्वतःला उणें कांहींच नव्हतें. तरीहि ती अल्पवेतनी सोबत्यांच्या बाजूनें उभी राहिली. पुढें १९१२ सालीं पंचम जॉर्ज बादशहापुढें म्यूझिक हॉलच्या कलावंतांचा खास प्रयोग झाला. त्यांत मेरीला स्थान नव्हतें. तिचा चावटपणा दरबारास रुचणार नाहीं, ही भीति त्यास कारण. संपाचा रागहि असावा, असें कित्येक मानतात. दरबार भरला, पण राणीवांचून!

ऑक्टोबर १९२२ मध्यें एडमंटन येथें ती आजारीपणांतच रंगभूमीवर आली. झोंकांड्या खाणाऱ्या बाईचें गाणें ती म्हणत होती. तिचा तोल खरोखरच जात होता, आणि प्रेक्षक तो अभिनय समजून हंसत होते. थोड्याच दिवसांत ती निवर्तली. अंत्ययात्रेला हजारों लोक लोटले.

कवि टी. एस. एलियट यानें तिच्यावर मृत्युलेख लिहिला. म्यूझिक हॉलमध्यें पालुपद म्हणणारा प्रेक्षक कलेचा भागीदार असतो. चित्रपटगृहांत मात्र तो नुसता पाहत बसतो, हें त्याचें मर्म. बी.बी.सी.नें १९५३ पासून १९८३ पर्यंत लीड्सच्या जुन्या रंगमंदिरांतून हीं गाणीं पुन्हां ऐकविलीं, तेव्हांहि तेथील श्रोते पालुपद स्वतःच म्हणत. दरबारानें नाकारलेलें राणीपद लोकांनीं असें आपल्या कंठांत जपलें.