कुलूपबंद घरांची मोजणी

चिंतामणराव देशमुखांचे बालपण रोह्यात गेले. पुढे १९४५ ते १९६४ या काळात ते भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते, आणि १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली तीही ते ज्याचे मंत्री होते त्या अर्थखात्यातच. पाहणीमागची दृष्टी संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांची होती आणि तिच्या कामात पुण्याच्या गोखले संस्थेचा सहभाग होता. पहिल्या फेरीत देशातल्या साडेपाच लाखांहून अधिक गावांमधून १,८३३ गावे निवडली गेली. एवढ्या थोड्या गावांवरून देशाविषयी बोलता येते, पण एका अटीवर: निवडीत आलेल्या घराने उत्तर दिले पाहिजे. खुद्द रोह्यात आणि शेजारच्या पेणमध्ये ही अट दरवर्षी मोडते. कोणत्या घरांच्या बाबतीत मोडते हे ठरलेले असते, आणि म्हणूनच ती गंभीर बाब आहे.

या दोन तालुक्यांतल्या कातकरी आदिवासींच्या वाड्या दिवाळीनंतर रिकाम्या होऊ लागतात. पूर्वी कोळशाच्या भट्ट्यांवर, आता वीटभट्ट्यांवर, उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. इतरांच्या गैरहजेरीची कारणे वेगळी असतात. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारा कामगार दुपारी झोपलेला असतो, तर पेणच्या हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत चतुर्थीच्या आधी कुणाला बोलायला उसंत नसते. पण ही माणसे आज नाही तर उद्या भेटतात. कातकऱ्याच्या दारावरचे कुलूप सहा-सात महिने निघत नाही. पूर्वी हे कुलूप मोजणीच्या आड येत नसे: १९३१पर्यंतची जनगणना एका रात्रीत होत असे आणि माणूस जिथे सापडेल तिथे मोजला जाई. जंगलातल्या भट्टीपर्यंत गणक पोचलाच, तर तिथला माणूस तिथेच नोंदला जाई. १९४१पासून ती पद्धत सुटली आणि नेहमीच्या वास्तव्याला महत्त्व आले. व्यवस्थेच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण ज्यांचे वास्तव्यच दोन ठिकाणी विभागलेले, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

यावर पहिला उपाय सुचतो तो नमुना वाढवण्याचा किंवा मिळालेल्या उत्तरांना जादा वजन देण्याचा. समजा, एका गावात १०० घरे आहेत, गावठाणात ८० आणि वाडीत २०. गावठाणातली ७२ घरे उत्तर देतात, वाडीतली फक्त ५. वाडीचा खरा वाटा २० टक्के, पण उत्तरांत तो साडेसहा टक्क्यांवर येतो. वाडीच्या प्रत्येक उत्तराला ३.६ पट वजन दिले की वाटा पुन्हा २० टक्के होतो आणि आकडा कागदावर बिनचूक दिसतो. चूक मात्र तशीच राहते. ती पाच घरे मागे राहिली कारण त्यांत म्हातारी माणसे होती, किंवा कुणाला गावातच काम मिळाले होते. त्यांची मजुरी, त्यांचे कर्ज, त्यांच्या मुलांची शाळा यांवरून भट्टीवर गेलेल्या पंधरा घरांची स्थिती कळत नाही. वाड्यांतून चौपट घरे निवडली तरी भेटणार ती मागे राहिलेलीच. १९३६ साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाने एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि तरीही अध्यक्षीय निवडणुकीत रूझवेल्ट हरतील असे चुकीचे भाकीत केले. आकार मोठा असला म्हणून नमुना खरा ठरत नाही. १९४६ साली हॅन्सन आणि हर्विट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी यावर जो मार्ग मांडला तो मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटतो. न भेटलेल्यांतूनच पुन्हा काही जण निवडायचे आणि त्यांच्यापर्यंत पोचायचेच. पंधरा बंद घरांतली पाच चिठ्ठीने निवडून भट्टीवर गाठली, तर प्रत्येक घर तिघांच्या वतीने बोलते, आणि तो अधिकार त्याला खऱ्या निवडीने मिळालेला असतो.

यावर खर्चाचा आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. वीटभट्टी दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात असते. पण पैसा ठरलेला असेल तर शंभर सहज भेटणाऱ्या घरांऐवजी ऐंशी घरे घ्यावीत आणि उरलेला खर्च कुलूपबंद घरांमागे जाण्यावर करावा. दुसरा आक्षेप असा की बंद घराऐवजी त्याच गटातले दुसरे घर घेण्याची पद्धत रुळलेली आहे, नमुना पाहणीतही ती आहे. घर योगायोगाने बंद असेल तर ती चालते. स्थलांतरामुळे बंद असेल तर बदली घर हे न गेलेल्याचे घर असते, आणि तक्ता भरलेला दिसल्यामुळे उणीव लपते. पाहणीचे काम वर्षाच्या चार तिमाहींत वाटण्याची नमुना पाहणीची रीत या बाबतीत फार मोलाची आहे, कारण पावसाळ्यात वाडी भरलेली असते. तरी तेवढ्याने भागत नाही. जुलैत भेटलेला माणूस जानेवारीतल्या मजुरीचा हिशेब आठवणीतून देतो, आणि उचलीपोटी कापून घेतलेली रक्कम आठवणीत नेमकी राहत नाही.

येत्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारीत, म्हणजे भट्ट्या पेटलेल्या असतानाच होईल. पेण आणि रोहा तहसिलांनी वाडीनिहाय बंद घरांची आणि भट्ट्यांची यादी आधीच करावी, गणकांना ती हाती द्यावी, आणि किती घरे गाठता आली नाहीत तो आकडाही छापावा.