पायांच्या बळावर उजळणारा दिवा

रात्री सायकलच्या दिव्याला दोन कामे करावी लागतात. पुढचा रस्ता सायकलस्वाराला दाखवावयाचा, आणि सायकलस्वार इतरांना दाखवावयाचा. पहिले काम कोणालाही सहज सुचते. दुसऱ्याचे महत्त्व पटण्यास मात्र सायकलच्या मायभूमीतही अर्धे शतक जावे लागले, आणि त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली.

इंग्लंडमध्ये १८८८ च्या कायद्याने सायकलीला वाहनाचा दर्जा दिला आणि सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयापूर्वी एका तासापर्यंत दिवा लावण्याचे बंधन घातले. हा दिवा पुढच्या बाजूचा होता. मागच्या बाजूचा विचारच झालेला नव्हता. त्या काळी तेलाचे दिवे असत. खडबडीत रस्त्यावर हादरे बसले, की ज्योत फडफडे आणि विझून जाई. पुढे कार्बाइडचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर पाण्याचे थेंब पडले, की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो पांढऱ्याशुभ्र ज्योतीने जळतो. उजेड उत्तम, परंतु दुर्गंधी, राख आणि रोजची साफसफाई यांनी मनुष्य कंटाळून जाई.

ज्या दिव्याला तेल नको, खडे नकोत आणि सेलही नकोत, असा दिवा मायकेल फॅरडेच्या शोधातून निघाला. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरविला असता विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे त्याने १८३१ साली दाखविले होते. सायकलचा डायनामो म्हणजे या तत्त्वाचेच छोटेसे रूप होय. बाटलीच्या आकाराच्या या यंत्राचे खाचदार चाक टायरला टेकते, आतील चुंबक फिरतो आणि दिवा लागतो. पुढे याचे ६ व्होल्ट आणि ३ वॅट हे प्रमाण रूढ झाले. त्यातील २.४ वॅट पुढच्या दिव्याला आणि ०.६ वॅट मागच्या दिव्याला मिळत. या वाटणीत एक मेख होती. मागचा बल्ब जळाला, की सारा प्रवाह पुढच्याच बल्बात लोटे आणि थोड्याच वेळात तोही जळून जाई.

परंतु मागे दिवा असावा की नसावा, याबद्दलच ब्रिटनमध्ये मोठा वाद होता. १८७८ साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संस्थेचा मागच्या दिव्याच्या सक्तीला विरोध होता. मोटार हाकणाऱ्याने समोर दिसेल तेवढ्याच अंतरात थांबता येईल अशा वेगाने जावे. आपल्याला कोणी धडकू नये याची जबाबदारी धडक खाणाऱ्यावर कशी टाकता, असा तिचा सवाल होता. न्यायाच्या दृष्टीने तो बिनतोड होता. १९२७ च्या कायद्यानेही मागे दिव्याऐवजी प्रकाश परावर्तित करणारी तांबडी काच लावली तरी चालेल, अशी मुभा ठेवली.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि सारा देश अंधारात बुडाला. रस्त्यांवरचे दिवे मालवले, मोटारींच्या दिव्यांवर झाकणे आली. ज्या काचेने मोटारीचा प्रकाश परत पाठवावा, तिच्यावर प्रकाशच पडेनासा झाला. सायकलीला मागे तांबडा दिवा सक्तीचा झाला. पेट्रोल मोजून मिळू लागल्याने सायकली वाढल्या आणि टॉर्चच्या सेलांचा तुटवडा पडला. १९४१ या एका वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर ९,१६९ माणसे मृत्युमुखी पडली. अखेर १९४५ च्या कायद्याने मागचा दिवा कायमचा बंधनकारक केला. न्यायाचा प्रश्न आपल्या जागी राहिला. अंधाराने मात्र आपला निर्णय दिला होता.

डायनामोला सेलांच्या टंचाईची झळ लागत नव्हती. तथापि त्याचा मूळ दोष याच वेळी नडणारा होता. चाक थांबले, की दिवा विझतो. म्हणजे सायकलस्वार चौकात उभा राहिला, उजवीकडे वळण्यासाठी रस्त्याच्या मध्यावर थांबला, की नेमक्या त्या धोक्याच्या क्षणी तो अदृश्य होतो.

नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कारखान्याने १९३६ साली चाकाच्या हबमध्येच डायनामो बसविला. त्याला डायनोहब म्हणत. टायरशी घासणे नाही, पावसात घसरणे नाही. ६ व्होल्टच्या डायनोहबची शक्ती सुमारे २ वॅट होती. सायकल थांबली असता उजेड राहावा म्हणून त्याच्या जोडीला सेलांची नळीही मिळे. दोष ओळखला गेला होता; उपाय मात्र पुन्हा सेलांपाशीच येऊन थांबला होता. १९८४ मध्ये डायनोहबचे उत्पादन बंद पडले.

त्यानंतर दोन गोष्टींनी डायनामोला नवे आयुष्य दिले. १९९० च्या दशकात जर्मनीत विल्फ्रीड श्मिट यांनी हलका फिरणारा नवा हब-डायनामो बाजारात आणला, आणि एलईडी दिव्यांमुळे तेवढ्याच ३ वॅटमध्ये अनेक पट उजेड मिळू लागला. शिवाय दिव्यातच विजेचा थोडा साठा करणारा कपॅसिटर बसविल्याने सायकल थांबल्यावरही काही मिनिटे उजेड राहतो. इकडे बॅटऱ्याही सुधारल्या. सायकलीला डायनामोच असावा हा जुना नियम जर्मनीने २०१३ मध्ये शिथिल केला.

पुणे असो, बेळगाव असो वा इंदूर. टायरला टेकलेल्या डायनामोची घरघर आणि चढावर मंदावणारा दिवा जुन्या पिढीच्या परिचयाचा आहे. आज डायनामो निवडणाऱ्याने त्या अनुभवाला इतिहासाची जोड द्यावी. बाटलीचा डायनामो स्वस्त असतो आणि कोणत्याही सायकलला बसतो. पण तो पायांना जड लागतो व ओल्या टायरवर घसरतो. हबचा डायनामो महाग पडतो, त्यासाठी चाकच नव्याने बांधावे लागते. पण ऐन पावसाळ्यातही तो दगा देत नाही. दोहोंपैकी कोणताही घ्यावा. मात्र दुकानात चाक फिरवून उजेड किती पडतो, एवढेच पाहून परतू नये. चाक थांबवावे आणि मागचा तांबडा दिवा जळत राहतो की नाही, हे आधी पाहावे.