ऋद्धी की अनुशासन? : संतपटांच्या आकर्षणाचा विचार

तासगाव येथे परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले गणपतीचे देवालय आहे. त्याचे सात मजली गोपुर दुरून दिसते. त्या काळच्या रूढीप्रमाणे आपल्या पूर्वजांच्या वाट्याला ते दुरून दिसणारे गोपुरच होते. गाभारा वर्ज्य होता. पुढे या मुलखातील जत्रांतून फिरत्या सिनेमाचे तंबू आले आणि देव पडद्यावर अवतरला. तंबूत जातिभेद सर्वस्वी लोपला, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पडद्यासमोर पुजाऱ्याची सत्ता नव्हती. धार्मिक चित्रपटांच्या लोकप्रियतेचे हे कारण सहसा ध्यानात घेतले जात नाही.

१९१३ साली फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' दाखविला. १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' स्थापन झाली व १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'चा (१९३६) पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. त्यात चमत्कार आहेत. पण स्मरणात राहते ती घरात दाणा नाही म्हणून विठ्ठलाशीही भांडणारी जिजाई. पुष्पक विमानापेक्षा तिची चूल अधिक खरी वाटते.

येथे दीघनिकायातील केवट्टसुत्ताचे स्मरण होते. एखाद्या भिक्षूने चमत्कार दाखवावा, म्हणजे नालंदेतील लोकांची श्रद्धा वाढेल, अशी विनंती केवट्ट गृहपती करतो. तथागत ती मान्य करीत नाहीत. इद्धि, आदेसना व अनुसासनी अशी तीन पाटिहारिये सांगून, पहिल्या दोहोंतील दोष ते दाखवितात. माणसाला बदलणारा उपदेश, हेच खरे प्रातिहार्य होय.

या निकषावर आचार्य अत्रे यांचा 'महात्मा फुले' आम्हांस श्रेष्ठ वाटतो. १९५४ साली त्याचा मुहूर्त बाबासाहेबांच्या हस्ते झाला. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण सातारा जिल्ह्यातलेच. त्यांच्या चरित्राला विमानाची गरज पडली नाही.

आज वैशाखी पौर्णिमेस विहारांच्या अंगणातही पडदा लागतो. त्यावर बुद्धाच्या मस्तकाभोवती फिरणारे तेजोवलय आणि आकाशातून पुष्पवृष्टी करणारे देव दिसले, की टाळ्या पडतात. बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे, ही प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने त्या टाळ्यांचा विचार करावयास हवा. चित्रपट अवश्य दाखवावेत. परंतु तंबूतून परतणाऱ्या माणसाच्या हाती काय उरले, हा केवट्टाला मिळालेल्या उत्तरातील प्रश्न आपणही विचारावा.