हाडांवरून ठेवलेले नाव

बहुतेक प्राण्यांना नाव मिळते ते जिवंत किंवा नुकत्याच मेलेल्या नमुन्यावरून. ‘अप्रोटेलेस बल्मेरी’ या फलाहारी वटवाघळाला मात्र ते मिळाले माणसांच्या जुन्या जेवणातून उरलेल्या हाडांवरून.

न्यू गिनी बेटाच्या डोंगराळ सिंबू भागात किओवा नावाचा एक खडकाचा आडोसा आहे. तिथे पुरातत्त्वज्ञ सुसान बल्मर यांनी केलेल्या उत्खननात साधारण नऊ ते बारा हजार वर्षांपूर्वीची हाडे निघाली. त्यांतल्या काही वटवाघळांच्या जबड्यांना पुढचे दातच नव्हते. प्राणिशास्त्रज्ञ जेम्स मेन्झीस यांनी १९७७ मध्ये या प्राण्याचे वर्णन छापले. ‘अप्रोटेलेस’ म्हणजे पुढून अपूर्ण, आणि ‘बल्मेरी’ हे सुसान बल्मर यांच्यासाठी. प्राणी केव्हाच नामशेष झाला, असेच तेव्हा धरले गेले.

पण पश्चिमेकडच्या हिंडेनबर्ग डोंगररांगेतले वोपकाइमिन लोक त्याची शिकारही करत होते आणि त्याला खातही होते. त्यांच्यात राहून अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड हिंडमन यांनी १९७५ मध्येच शिकाऱ्याने आणलेल्या अशा वटवाघळांचे अवशेष जपून ठेवले होते. मेन्झीस यांनी ते ओळखले. किओवाच्या हाडांतला प्राणी तोच! ही वटवाघळे सुमारे २,३०० मीटर उंचीवरच्या लुपलुपविंतेम या प्रचंड विवरात राहत होती. मला या कथेत सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो हा योगायोग: विज्ञानाला हा प्राणी दोनदा भेटला, आणि दोन्ही वेळा कुणाच्या तरी चुलीपाशी.

ओळख पटली तोवर फार उशीर झाला होता. बंदूक आणि विकतचा दोर हाती आल्यावर विवरातली वसाहत जवळजवळ रिकामी झाली. १९९२ मध्ये संशोधक टिम फ्लॅनरी आणि लेस्टर सेरी यांना तिथे पुन्हा काही वटवाघळे उडताना दिसली. त्यानंतरच्या मोजणीत ती दीडशेच्या आसपासच भरली.

गुहेत राहणाऱ्या वटवाघळांत हे सर्वांत मोठे म्हणता येईल इतके थोराड आहे. पंखांचे पडदे पाठीच्या मध्यावर जुळतात, म्हणून पाठ उघडी, केस नसलेली दिसते. मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. बंदुकीने एका फेरीत नेलेल्या वटवाघळांची भरपाई करायला त्या विवरातल्या माद्यांना कित्येक वर्षे लागतात.